गॅलरीतली माणसं

डॉर्सेटमधल्या पडलटाउन गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये मागच्या बाजूला एक लाकडी गॅलरी आहे, 1635 सालची. बहुतेक माणसं तिथे बाजूच्या चॅपलमधले जुन्या सरदारांचे आडवे पुतळे बघायला येतात, आणि ते आहेतच बघण्यासारखे, पण मी कामानिमित्त इंग्लंडात राहायला आल्यापासून त्या भागात जाणं झालं की त्या गॅलरीखाली जाऊन उभी राहते. कारण दोनशे वर्षांपूर्वी अशा गॅलऱ्यांमध्ये गावचे चांभार, गवंडी, सुतार, शेतमजूर बसायचे, आणि व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि बॅसून नावाचं फुंकवाद्य वाजवून अख्ख्या गावाची रविवारची उपासना चालवायचे. इंग्लंडातल्या खेडोपाडी हे चित्र होतं. व्हिक्टोरिया राणी 1837 मध्ये गादीवर आली तेव्हा यातल्या कितीतरी गॅलऱ्या भरलेल्या होत्या, आणि 1901 मध्ये ती गेली तोवर जवळजवळ सगळ्या गप्प झालेल्या, बऱ्याचशा तर मुळापासून काढून टाकलेल्या.

त्यांची जागा घेतली हार्मोनियमने. म्हणजे पेटीने. मी लहानपणापासून पेटी वाजवते, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आतून हलले, आणि मग हे सगळं नक्की कसं झालं, कोणी केलं, त्यात कोणाचं काय गेलं ते शोधत राहिले. तेच आज लिहितेय.

आधी पॅरिश म्हणजे काय ते थोडक्यात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव आणि आसपासच्या वाड्यावस्त्या. पण तेवढंच नाही, 1834 च्या कायद्यापर्यंत गावातल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशची होती, 1 जुलै 1837 ला सरकारी नोंदणी सुरू झाली तोवर बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या चर्चमधल्या वह्या हीच माणूस जगल्याची नोंद होती, आणि पाद्र्याचा दशमांश म्हणजे शेतातल्या पिकाचा दहावा हिस्सा, तो 1836 नंतर कुठे रोख पैशांत बदलला. तेव्हा चर्चमध्ये कोण कुठे बसतं ह्याला गावात फार किंमत होती. जमीनदार म्हणजे स्क्वायर, त्याच्या घराण्याचा स्वतंत्र कप्पा, लाकडी भिंती आणि दार असलेला. मग मोठे शेतकरी, मग दुकानदार. मजूर कुठेतरी मागे, उघड्या बाकांवर.

जोसेफ आर्च नावाचा एक शेतमजुराचा पोरगा वॉरिकशरच्या बारफर्ड गावी वाढला. लहान असताना त्याने एकदा चर्चच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून आत प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, कसा होतो ते पाहिलं, आणि ते त्याने म्हातारपणी लिहून ठेवलंय. आधी एकटा स्क्वायर उठून वेदीपर्यंत गेला आणि गुडघे टेकून परत आला, मग शेतकरी, मग दुकानदार आणि कारागीर, आणि सगळ्यात शेवटी मजूर, त्याचा बाप त्यांच्यातच, आणि त्यांच्याबरोबर गुडघे टेकायला दुसरं कोणीही नाही. देवाच्या दारातही ही रांग. ते बघितल्यावर आपण असल्या ठिकाणी गुडघे टेकायचे नाहीत असं त्या पोराने तेव्हाच ठरवलं. याच आर्चने पुढे 1872 मध्ये शेतमजुरांची देशव्यापी युनियन उभी केली. मला वाटतं त्या चळवळीचं मूळ शोधायचं तर त्या किल्लीच्या भोकापर्यंत जावं लागतं.

आता या पार्श्वभूमीवर ती गॅलरी बघा. संपूर्ण इमारतीत ही एकच जागा अशी की जिथे चांभार स्क्वायरच्या डोक्यावर बसायचा. आणि नुसता बसायचा नाही, गाणं सुरू झालं की खालची सगळी मंडळी, स्क्वायरसकट, उठून वेदीकडे पाठ करायची आणि गॅलरीकडे तोंड करून उभी राहायची, तशी पद्धतच होती. मला हे चित्र फार आवडतं. आठवड्यातून एकदा का होईना, गावचा मालक गावच्या गवंड्याकडे मान वर करून बघतोय.

गाणं काय असायचं तर मुख्यतः बायबलमधली स्तोत्रं, छंदात बांधलेली. 1562 आणि 1696 असे दोन छापील संग्रह वर्षानुवर्षं वापरात होते, शब्द तेच, पण चाली मात्र गावोगाव वेगळ्या, कारण चाली बांधणारेही हेच लोक. थॉमस क्लार्क म्हणून कँटरबरीचा एक चांभार होता, त्याने 1805 मध्ये चालींचं पुस्तक छापलं. ह्या चालींची मजा अशी की सगळे आवाज एकदम सुरू होत नाहीत, खर्जातले पुरुष एक ओळ उचलतात, मग त्याच ओळीवर दुसरे येतात, मग तिसरे, एकमेकांचा पाठलाग चालू, आणि शेवटी सगळे एका जागी येऊन भेटतात. ऐकलंत तर लक्षात येईल, हे काही मान खाली घालून गायचं संगीत नाही, छाती भरून गायचं आहे. काही चर्चेसमध्ये पत्र्याचा लांबलचक कर्णा असायचा, माणसापेक्षा लांब, त्यात तोंड घालून खर्जाचा आवाज वाढवायचे, नॉटिंगहॅमशरच्या ईस्ट लीक गावात तसला एक अजून जपून ठेवलाय.

या लोकांबद्दल सगळ्यात जास्त माहिती मिळते ती थॉमस हार्डी या इंग्रजी कादंबरीकारामुळे. त्याचे आजोबा गवंडीकाम करायचे आणि आधी पडलटाउनच्याच चर्चमध्ये चेलो वाजवायचे. पुढे ते शेजारच्या स्टिन्सफर्ड पॅरिशमध्ये राहायला आले, तिथलं संगीत त्यांना अगदीच पडेल वाटलं, तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं, आणि मग मुलगे मोठे झाल्यावर तेही व्हायोलिन घेऊन शेजारी बसायला लागले. 1802 ते 1841, चाळीस वर्षं एकाच घराने एका चर्चचं संगीत सांभाळलं. हार्डीने पुढे त्या चर्चमध्ये आजोबा, वडील आणि काका यांच्या नावाने एक पितळी पाटी लावली, त्यावर लॅटिनमध्ये ही सालं आहेत.

त्यांना मिळायचं काय, तर जवळजवळ काहीच नाही. नाताळात बँड रात्रभर घरोघर फिरून गायचा, हवेलीतून दहा शिलिंग आणि जेवण, व्हिकारकडून म्हणजे गावच्या पाद्र्याकडून दहा शिलिंग, शेतकऱ्यांकडून पाच-पाच, झोपडीमागे एक शिलिंग. वर्षाचं सगळं मिळून माणशी दहा शिलिंगांच्या वर जायचं नाही, आणि त्यात तारा, दुरुस्ती, गजाला लावायची राळ आणि स्वरलिपीचे कागद एवढं कसंबसं निघायचं. कागदावरच्या ओळीसुद्धा रात्री घरी बसून स्वतःच आखायच्या. तारा आणि राळ विकणारा फेरीवाला सहा-सहा महिन्यांनी यायचा, आणि एका वर्षी नाताळसाठी नवीन रचना बसवलेली असताना तो बर्फात कुठेतरी अडकला, तर ह्या लोकांनी व्हायोलिनला चाबकाची दोरी आणि सुतळी लावून वेळ निभावली अशी आठवण हार्डीने नोंदवलीय. मला हे वाचून गलबलून आलं. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेली माणसं, आणि काळजी कसली तर रविवारी सूर बरोबर लागेल का.

आणि हीच माणसं शनिवारी लग्नात, सुगीच्या जेवणावळीत नाचाची गाणी वाजवायची. हार्डी घराण्याच्या हस्तलिखित वह्या आहेत, एका बाजूने उघडलं की स्तोत्रं आणि कॅरल्स म्हणजे नाताळची गाणी, वही उलटी करून दुसऱ्या टोकाने उघडलं की नाचाच्या चाली. एकाच वहीत दोन्ही. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, निदान बाहेरून कोणी येऊन सांगेपर्यंत तरी.

बाहेरून सांगणारे आले ते मात्र वाईट लोक नव्हते, हे स्पष्ट लिहायला हवं. 14 जुलै 1833 ला जॉन कीबल यांनी ऑक्सफर्डमध्ये एक प्रवचन दिलं आणि तिथून एक मोठी चळवळ सुरू झाली, चर्च ऑफ इंग्लंडला तिचं जुनं गांभीर्य, पावित्र्य परत मिळवून द्यायची. कीबल स्वतः 1836 पासून मरेपर्यंत हॅम्पशरच्या हर्स्ली या खेड्यात साधे व्हिकार म्हणून राहिले आणि आपल्या कवितांच्या पुस्तकाच्या पैशातून त्यांनी गावचं चर्च नव्याने बांधलं. असल्या माणसाच्या हेतूवर शंका कशी घेणार? 1839 मध्ये केंब्रिजच्या काही तरुणांनी मंडळ काढलं, त्यांना मध्ययुगातली चर्चं हवी होती, वेदी मोकळी दिसणारी, दारं लावलेले कप्पे नकोत, तीन मजली पल्पिट म्हणजे प्रवचनाचा उंच कठडा नको, आणि मागची गॅलरी तर नकोच नको. कप्पे गेले ते खरंच बरं झालं, गरिबाला पुढे बसायला मिळायला लागलं, आर्चला जे दिसलं त्यावर हाही एक उपाय होता. आणि पूर्वीच्या व्हिकारांनी अनेक ठिकाणी चर्चं अक्षरशः गळायला ठेवली होती, वर्षातून मोजक्याच वेळा प्रभुभोजन, पाद्री दुसऱ्याच गावी राहणार, हेही खरंच आहे.

पण त्या सुधारणेत गॅलरीतल्या माणसांना जागा नव्हती. ते प्रार्थना चालू असताना तारा लावतात, मधल्या वेळात दारू पितात, व्हिकारने सांगितलेलं न वाजवता आपल्या मनाचं वाजवतात, भांडण झालं तर संपावर जातात. ह्या तक्रारी खोट्या नसणार. पण मला राहून राहून वाटतं की खरी अडचण ही होती की ते कोणाचे नोकर नव्हते. त्यांना काढायचं तर कशावरून काढणार, पगारच नव्हता. नव्या व्हिकारला हवी होती पुढच्या बाजूला, त्याच्या नजरेसमोर, पांढरे झगे घातलेली शिस्तीतली मुलं, आणि साथीला असं वाद्य जे एक माणूस वाजवेल आणि तो माणूस आपल्या शब्दात राहील. काही गावांनी आधी कळ फिरवायचे ऑर्गन आणले, दांडा फिरवा आणि ठरलेल्या चाली वाजतात. पण 1842 मध्ये पॅरिसच्या डेबेनने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते मोठ्या ऑर्गनच्या मानाने स्वस्त, सुटसुटीत, कोपऱ्यात मावणारं, आणि खेड्यातल्या चर्चला परवडणारं. 1861 मध्ये नव्या गीतांचं पुस्तक आलं, त्यामागे मुख्य हात होता हेन्री बेकर यांचा, तेही हेरफर्डशरच्या मंकलंड या छोट्या गावचे व्हिकार. ते पुस्तक इतकं खपलं की देशभर एकाच चालीवर एकच गीत ऐकू यायला लागलं. त्यातली काही गीतं अप्रतिम आहेत, मी स्वतः ती वाजवते. पण चांभाराने बांधलेली, फक्त आपल्या गावची अशी चाल, ती त्यात नाही.

स्टिन्सफर्डला नवीन व्हिकार आले 1837 मध्ये, त्याच वर्षी हार्डीचे आजोबा वारले, आणि चार वर्षांत बँड संपला. हार्डीचा जन्म 1840 चा. म्हणजे ज्या संगीताबद्दल त्याने आयुष्यभर लिहिलं ते त्याने त्या गॅलरीत वाजताना कधी कळत्या वयात ऐकलंच नाही, सगळं वडिलांच्या तोंडून आणि त्यांच्या व्हायोलिनमधून. शिवाय दैव असं की तरुणपणी त्याची नोकरीच आर्किटेक्टकडे, चर्चच्या जीर्णोद्धाराची. मार्च 1870 मध्ये तो कॉर्नवॉलच्या सेंट ज्युलियटला अशाच एका मोडकळीला आलेल्या चर्चची मापं घ्यायला गेला, तिथेच त्याला त्याची पहिली बायको भेटली, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कामात तिथला जुना कोरीव लाकडी पडदा जपायचा ठरलं असताना कंत्राटदाराने तो काढून झकास व्हर्निश मारलेला कोरा पडदा बसवला, आणि वर मोठ्या खुशीने सांगितलं की ते ठिगळं लावलेलं जुनाट कशाला, मी तुम्हाला नवीनच दिला. हार्डीने ही गोष्ट 1906 मध्ये, जुन्या इमारती वाचवणाऱ्या संस्थेसाठी लिहिलेल्या निबंधात सांगितली. ती संस्था विल्यम मॉरिस या कवी आणि डिझायनरने 1877 मध्ये काढलेली, ट्यूक्सबरीच्या जुन्या ॲबीचा असाच जीर्णोद्धार होणार हे वाचून संतापून. त्या मॉरिसमुळेच इंगलशम नावाच्या एका छोट्याशा गावचं चर्च तसंच्या तसं राहिलं, कप्पे, वाकडी फरशी, भिंतीवरचे एकावर एक रंगवलेले जुने मजकूर, सगळं. कधी विल्टशरकडे जाणं झालं तर नक्की बघा.

गॅलरीबद्दल हार्डीने 1896 मध्ये जे लिहिलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचं म्हणणं असं की पूर्वी सहा ते दहा मोठी माणसं वाजवायला, शिवाय गाणारे, एवढ्या लोकांचा जीव रविवारच्या उपासनेत गुंतलेला असायचा, ती चांगली व्हावी ही त्यांची जबाबदारी होती. आता ते काम व्हिकारच्या बायको-मुलीवर किंवा शाळेच्या मास्तरावर आणि मुलांवर आलं, आणि गावाचं चर्चशी असलेलं नातं तुटलं. संगीत सुधारलं असेलही, माणसं मात्र बाहेर पडली. काहीजण चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या झालेल्या मेथडिस्ट पंथाच्या चॅपलमध्ये गेले, तिथे वाद्यांना मज्जाव नव्हता आणि मजूर स्वतः प्रवचन देऊ शकायचा, आर्चसुद्धा तसाच प्रवचनकार होता. 30 मार्च 1851 च्या रविवारी सरकारने सगळ्या प्रार्थनास्थळांतली हजेरी मोजली तेव्हा जवळपास निम्मी हजेरी चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेर निघाली आणि खळबळ उडाली. सगळं काही बँडमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण ज्याला वर बसायची सवय त्याला तुम्ही मागच्या बाकावर बसवलंत तर तो का थांबेल?

एक गोष्ट मात्र हार्डीच्या लक्षात आली नाही असं मला वाटतं, किंवा त्याला ती महत्त्वाची वाटली नाही. गॅलरीत वाद्य धरणारे बहुतेक पुरुषच होते. हार्मोनियमपाशी बसली ती गावातली शाळामास्तरीण, व्हिकारची मुलगी. त्या काळच्या खेड्यात बाईला चार लोकांसमोर काही चालवायला मिळेल अशा जागा किती होत्या? माझ्या आजोळी भजनात बायका मागे बसून टाळ धरायच्या, पुढे पेटीवर कायम पुरुष, आणि मला आजोबांनी पेटी शिकवली तेव्हा सुद्धा घरात कुजबुज झाली होती. त्यामुळे त्या मास्तरणीच्या बाजूनेही मला विचार करावासा वाटतो, तिने कोणाची जागा हिसकावली नव्हती, तिला कोणीतरी तिथे आणून बसवलं होतं.

तेच वाद्य मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने मारायचा भाता बसवला, म्हणजे मांडी घालून वाजवता येईल असं केलं, आणि मग पेटी इतकी आपली झाली की तिच्याशिवाय भजन आठवत नाही, संगीत नाटकात तर पायपेटी आणि ऑर्गन दोन्ही. मी मूळची नगरची. नगरमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी जे केलं ते या सगळ्या गोष्टीच्या बरोबर उलट आहे. टिळक ख्रिस्ती झाले 1895 मध्ये. तेव्हा मराठी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरं परदेशी चालींवर म्हणायची पद्धत होती, टिळकांनी अभंग, ओव्या, पदं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. साथीला टाळ-तबला, पेटी. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं म्हणतात, आणि म्हणताना लोक पुस्तकाकडे बघत नाहीत. स्टिन्सफर्डच्या व्हिकारांनी गावाची चाल बाहेर काढली, टिळकांनी गावाची चाल आत आणली. दोन्ही ठिकाणी पेटी होती.

म्हणूनच शेवटी शेफील्डकडचं सांगायचंय. तिथल्या डोंगराळ भागात, डंगवर्थ, स्टॅनिंग्टन, तिकडे डर्बीशरमध्ये कॅसलटन, ह्या गावांमध्ये चर्चमधून हाकललेल्या जुन्या कॅरल्स संपल्या नाहीत, त्या पबमध्ये गेल्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे आजही रविवारी दुपारी पब खच्चून भरतात आणि लोक गातात. मेंढपाळांना देवदूत दिसला ती एकच कॅरल किती वेगवेगळ्या चालींवर, त्यातली एक त्याच कँटरबरीच्या चांभाराची, 1805 ची, जिच्यावर नंतर यॉर्कशरवाल्यांनी टोपी न घालता माळावर गेलेल्या माणसाचं गाणं रचलं आणि ते त्यांचं जवळजवळ प्रांतगीत झालं. डंगवर्थच्या पबमध्ये साथीला बँड नसतो, एक ऑर्गनच असतो. पण गाणारे आवाज वाटून घेतात, खर्जवाले ओळ उचलतात, मग दुसरे मागून येतात, आणि बऱ्याच जणांच्या हातात कागद नसतो, कारण ते आजीकडून, बापाकडून शिकलेले असतात. तुम्ही इंग्लंडात असाल तर यंदा जा, लवकर जा, उशिरा पोचलात तर दारातच उभं राहावं लागतं.